पियानोवर नोटेशन वाचायला कुठला दिवा घ्यावा?

मडगावकर: लेकीचा अपराइट पियानो हॉलच्या कोपऱ्यात आहे. ट्यूबलाइट पाठीमागे, त्यामुळे तिचीच सावली पानावर पडते. अभ्यासाचा टेबललँप वर ठेवला तर एकच पान उजळतं, आणि खर्जातली पट्टी दाबली की तो किर्र वाजतो!

फोंड्याची आजी: उघडी दोन ए-फोर पानं म्हणजे 42 सेंमी. तेवढी आडवी एलईडी पट्टी बघा. बुडाखाली फेल्ट चिकटवा, किरकिर थांबेल.

म्हापसेकर: 3000 केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाश; सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, 90 च्या वर. सरांच्या लाल-निळ्या खुणा वेगळ्या ओळखू येतात.

मडगावकर: पावसात वीज गेली की?

फोंड्याची आजी: चार्जिंगचा क्लिपवाला दिवा. पण पुस्तकाला नको, स्टँडलाच लावा. माझं पान दोनदा फाटलंय. लोखंडी मान तर नकोच बाई, दोन पावसाळ्यांत गंजली.