पश्चिमेच्या टेरेसला स्लायडिंग दार: डबल काच की ट्रिपल?

मावळती
पुण्यात बाणेरला आठव्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलमधून टेरेसवर उघडणारा गाळा ८ फूट रुंद, ७ फूट उंच आणि थेट पश्चिमेला. वर छज्जा नाही. बिल्डरचं दार दोन ट्रॅकचं, साध्या ॲल्युमिनियमचं, ५ मिमी काचेचं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही, दीड टनी एसी अखंड चालतो. पावसाळ्यात ट्रॅकमधलं पाणी फरशीवर येतं.
कॅनडातल्या वहिनींचं म्हणणं, यू-व्हॅल्यू कमीत कमी बघ आणि तीन काचांचं घे. इथले दोन डीलर म्हणतात, साधं डबल ग्लास, म्हणजे मधे बंद पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा, पुरे. नक्की कुठल्या आकड्यावर दार निवडायचं? डासांची जाळी हवीच आहे.

काचबिंदू
वहिनी त्यांच्या गावापुरत्या बरोबर आहेत. बाहेर उणे २०, आत अधिक २१ असताना घरातली ऊब काचेतून सतत बाहेर वाहत असते, आणि तिचा वेग यू-व्हॅल्यू सांगते. तुमचा प्रश्न तो नाहीच. मे महिन्यात बाहेर ३८, आत २६, म्हणजे फरक जेमतेम १२ अंशांचा. तुम्हाला छळतंय ते काचेतून सरळ आत येणारं ऊन. त्याचा आकडा एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हापैकी किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो.

हिशेब करून बघा. चौकट वजा करता काच साधारण ४.५ चौरस मीटर. मावळतीकडचं ऊन चौरस मीटरला ६०० वॅट धरू.

साधी एकेरी काच (एसएचजीसी ०.८, यू ५.७): उन्हाचे २१६० आणि तापमानातल्या फरकाचे ३०८, मिळून सुमारे २४७० वॅट.
साधी डबल काच (०.७, २.८): सुमारे २०४०.
थंड देशासाठीची ट्रिपल (०.५, १.०): सुमारे १४००.
सोलर कंट्रोल लो-ई लेप (उजेड येऊ देणारा, पण उन्हाची उष्णता परतवणारा पातळ थर) असलेली डबल (०.२८, १.७): सुमारे ८५०.

एक टन एसी म्हणजे ३५०० वॅट. डीलरच्या 'साध्या डबल'ने जेमतेम ४३० वॅट वाचतात, लेपवाल्या डबलने १६००. तिसऱ्या काचेचे पैसे लेपात घाला. एसएचजीसी ०.३० च्या आत मागा, पण व्हीएलटी म्हणजे उजेडाचा आकडा ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर भर दुपारी दिवा लावाल.

वहिनींनी तिकडच्या स्टिकरचा फोटो पाठवला तर एक खोड लक्षात ठेवा. अमेरिकी यू-फॅक्टर ०.३० दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, त्यांचं एकक वेगळं आहे. ५.६८ ने गुणा, मग आपल्या मापात १.७ येतो.

ओळंबा
काचेचं वर आलंच आहे, मी दाराच्या हाडांबद्दल लिहितो.

काचेचं वजन चौरस मीटरला, दर मिमी जाडीमागे अडीच किलो. ६+६ डबल, म्हणजे ६ मिमीच्या दोन काचा, चौरस मीटरला ३० किलो. तुमच्या एका पल्ल्यात काच सुमारे २.२ चौरस मीटर, म्हणजे ६६ किलो, आणि चौकटीसह ८० च्या घरात. आताचे नायलॉन रोलर हे वजन पेलणार नाहीत. चाक एका जागी चपटं होतं, पल्ला खाली बसतो, खालचा ब्रश (फट झाकणारी केसाळ पट्टी) चिरडतो आणि लॉक जुळेनासं होतं. लोक दोष लॉकला देतात. दर पल्ल्याला बेअरिंगचे दोन दुहेरी चाकांचे रोलर, जोडीची क्षमता १२० किलो तरी हवी, आणि ट्रॅकवर बदलता येणारी स्टीलची पट्टी. जाळीसाठी तीन ट्रॅक घ्या. अडीच ट्रॅकमध्ये, म्हणजे जाळीचा ट्रॅक अरुंद असतो त्यात, जाळीचा पल्ला हलका येतो आणि एवढ्या उंचीला वाकतो.

यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची चौकट) घेतलंत तर आत दीड ते दोन मिमी जाडीचं गॅल्व्हनाइज्ड स्टील सगळ्या पल्ल्यांत आहे ना, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. पश्चिमेला गडद रंग नको. तो तापतो, प्रोफाइल लांबतं आणि दुपारी दार अडतं. ॲल्युमिनियम हवं असेल तर मधे उष्णता अडवणारी पॉलिअमाइड प्लास्टिकची पट्टी असलेलं घ्या, नाहीतर चौकटच तव्यासारखी तापते.

मावळती
जुन्याच दाराला सनफिल्म लावली तर? आणि लिफ्ट अँड स्लाइड म्हणून एक प्रकार दाखवला, किंमत फार जास्त आहे.

काचबिंदू
फिल्म उष्णता शोषणारी असेल तर काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दबलेली कड गार राहते आणि साधी काच कडेपासून तडकते. आधी काच टफन्ड (तापवून कणखर केलेली) आहे का बघा, कोपऱ्यात शिक्का असतो. टफन्ड असेल तर तात्पुरता इलाज म्हणून फिल्म चालेल. त्याहून स्वस्त आणि जास्त गुणकारी म्हणजे टेरेसच्या बाजूने बांबूची चीक किंवा शेडनेट. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर आत येतच नाही. आतला पडदा ते आत आल्यावर अडवतो. छज्ज्याची हळहळ करू नका. मावळतीचं ऊन आडवं येतं, दोन फुटी छज्जा त्याला थांबवत नाही.

लिफ्ट अँड स्लाइडमध्ये हँडल फिरवलं की पल्ला खाली बसून रबरावर दाबला जातो. साध्या स्लायडिंगमध्ये नुसता ब्रश असतो, थोडी फट राहतेच. उणे तापमानात तो फरक मोलाचा. तुम्ही चांगला ब्रश आणि इंटरलॉक (बंद दारात दोन पल्ले जिथे एकमेकांत अडकतात ती पट्टी) घेऊन भागवा.

पागोळी
पाण्याबद्दल. गळती बहुतेक वेळा दारातून नाही, बसवण्यातून होते. बाहेरच्या ट्रॅकमध्ये पाणी निघायची भोकं असतात. फरशीवाला सिमेंटने किंवा फिटर सिलिकॉनने ती बुजवतो, मग ट्रॅक भरून पाणी आत उतू जातं. आधी आत्ताच्या दाराची भोकं तारेने मोकळी करून बघा, कदाचित पावसाळ्याचं दुखणं फुकटात बरं होईल.

नवं दार मागवताना रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी मोजा. सगळ्यात लहान माप धरून त्यातून १० मिमी वजा करा. दोन्ही कर्ण मोजा. गाळा गुण्यात नसेल तर आधी गिलावा दुरुस्त होऊ द्या, चौकट पिळून बसवू देऊ नका. अँकर कोपऱ्यापासून १५० मिमीवर, पुढे दर ६०० मिमीला. टेरेसची फरशी उंबऱ्यापासून बाहेर उताराची हवी. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर नळी परत करा, तो डबल काचेच्या सीलला बाधतो.

डबल काच चौकटीत साचलेल्या पाण्यात उभी राहिली तरी सील जातं आणि दोन काचांच्या मधे धुकं धरतं. ते पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. म्हणून खाली दोन ठिकाणी ठोकळे देऊन काच उचललेली असावी, आणि सीलची वॉरंटी वेगळी लिहून घ्यावी.

आणि बाहेरून दिसणारा बदल आहे, तेव्हा सोसायटीचं पत्र आधी.

मावळती
आवाजही कमी होईल ना?

ओळंबा
हॉर्नचा होईल. त्यासाठी ६+६ ऐवजी ६+५ घ्या, दोन्ही काचा सारख्या जाडीच्या असल्या की एकाच सुरात थरथरतात. पल्ल्याचं वजनही साडेपाच किलोने उतरेल. ढोल-ताशाचा ठोका मात्र जाड आवाज, तो आत येणारच.

काचबिंदू
माल उतरवल्यावर बसवण्याआधी एक तपासणी. बाहेरच्या बाजूने काचेसमोर लायटर धरा. डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. वेगळ्या रंगाचं असेल ते लेपाच्या पृष्ठभागाचं. आपल्याला ते बाहेरून दुसरं हवं. तिसरं निघालं तर काच उलटी भरलीय किंवा माल थंड प्रदेशाचा आहे. उलटी असेल तर फिटरला फिरवायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे. पण बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) ठोकल्यावर तो ऐकत नाही.