उत्तराला नव्हे, त्रुटीच्या हिशेबाला गुण द्यावेत
प्रात्यक्षिकात सगळ्यांनाच भरघोस गुण मिळतात, म्हणून बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्रात लेखी परीक्षेचा भार वाढवावा, या मताशी मी सहमत नाही. गुण सैलपणे दिले जातात हे खरेच. पण दोष प्रात्यक्षिकाचा नसून आपण गुण कशाला देतो याचा आहे. लोलकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग घ्या. एक मीटर लांबीच्या लोलकाची २० आंदोलने सुमारे ४० सेकंदांत होतात. हाताने चालवलेल्या स्टॉपवॉचमध्ये ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे आवर्तकालात (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेत) अर्धा टक्का आणि, सूत्रात त्याचा वर्ग येत असल्याने, गुरुत्वत्वरणात एक टक्का, अर्थात ९८० सेंमी/से² या पुस्तकी मूल्यात जवळपास १० ची तफावत. तरीही जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) ९७९.८ असे उत्तर वारंवार दिसते, कारण विद्यार्थी उत्तरावरून उलटा हिशेब करून निरीक्षणे भरतो. मुंबईच्या अक्षांशावर तर हे मूल्य मुळातच ९७८.६ च्या आसपास आहे.

मी प्रथम वर्षाला शिकवत असताना उत्तराच्या अचूकतेचे गुण काढून ते त्रुटीच्या हिशेबाला आणि तोंडी परीक्षेतील ‘हे एक निरीक्षण वेगळे का आले?’ या प्रश्नाला दिले. ९७२ ± १० असे प्रामाणिकपणे लिहून त्याचे कारण सांगणाऱ्याला पूर्ण गुण मिळू लागले, आणि सरसकट सारखे गुण देण्याचे कारणच उरले नाही.