मदत हवी आहे: जुन्या अंतराळकथांच्या चित्रांसारखं गोल पोटाचं रॉकेट सरळ कसं उडवायचं? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहितेय. अंबडला एका युनिटमध्ये डिझाइनला आहे, म्हणजे कॅड वगैरे रोजचंच, पण उडणारी वस्तू कधी केलेली नाही. भाची नववीत आहे, तिला रॉकेट बनवायचंय आणि तेही आपल्या पीएसएलव्हीसारखं सरळसोट नको, १९५०च्या आसपास मासिकांच्या मुखपृष्ठांवर असायचं तसं हवंय. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, नाकावर लांब सुई, गोल खिडक्या, मागे वळलेले तीन मोठे फिन (शेपटीचे पंख) आणि त्या फिनवरच ते उभं राहणार. मला स्वतःला हा आकार मनापासून आवडतो, माणूस अंतराळात जायच्या आधी लोकांनी रॉकेटची जी कल्पना केली होती ती सगळी त्यात आहे. पण नुसतं कपाटात ठेवायला नको, ते उडालं पाहिजे ही आम्हा दोघींची अट आहे.

मोटरचा, म्हणजे रॉकेटच्या जळणाऱ्या इंजिनाचा विषय आधीच संपवते म्हणजे त्यावर चर्चा नको. बाहेरच्या देशात सी६-५ वगैरे तयार मोटर दुकानात मिळतात, १८ मिमी व्यासाचं कागदी काडतूस, लावलं की झालं. आपल्याकडे ते सगळं १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे नियम यांत येतं, परवान्याशिवाय बनवणं-बाळगणं चालत नाही. फटाक्यांचा मसाला काढून भरणे, साखर आणि सोरा शिजवणे असले सल्ले कृपया कोणी देऊ नका, घरात पोर आहे आणि त्यात बोटं गेलेली माणसं असतात. त्यामुळे ठरवलंय की हे पाण्याचं रॉकेट असेल, २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली उलटी, तिच्यात पाणी आणि सायकल पंपाने भरलेली हवा.

आणि बाटली उलटी धरली की तो जुना आकार अर्धा आपोआपच मिळतो, पोट वर आणि खाली मानेकडे निमुळतं. त्यावर पुठ्ठ्याचं नाक आणि शेपटीला कव्हर लावलं. द्राक्षाच्या पॅकिंगची खोकी आमच्याकडे हवी तेवढी असतात, त्याचा एक पदर सोलून काढला की उरलेला पन्हळी पुठ्ठा एका दिशेने छान वळतो, नाकासाठी तोच वापरलाय. खिडक्यांना भद्रकालीतून आणलेल्या लहान मुलींच्या बांगड्या लावल्या, आत निळसर जिलेटिन. रिव्हेटसाठी जाड अॅल्युमिनियम फॉइल पुठ्ठ्यावर चिकटवायच्या आधी मागून रिकाम्या बॉलपेनने एकेक ठिपका दाबत गेलो, समोरून बघितलं की खरोखर पत्रा ठोकल्यासारखं दिसतं. भाचीने हे काम दोन इंचावर नाक ठेवून केलंय, एकही ओळ वाकडी नाही.

आता अडचण. एकूण लांबी ७५ सेंमी (सुई सोडून), व्यास ११ सेंमी, रिकामं वजन २२० ग्रॅम. सीजी म्हणजे तोल नाकापासून ४२ सेंमीवर येतो. ओपनरॉकेट या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल टाकलं (फुकट आहे आणि चांगलं आहे, फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून निघालंय) तर सीपी, म्हणजे हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदू, ३९ सेंमीवर दाखवतंय. म्हणजे सीपी सीजीच्या पुढे! असायला हवा उलटा, सीपी मागे आणि तोही निदान एक व्यासभर मागे. तोलाच्या जागी दोरी बांधून गच्चीवर डोक्याभोवती फिरवून बघितलं तर रॉकेट शेपटी पुढे करूनच फिरतं, कितीही जोरात फिरवा. म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर सांगतंय.

कारणही बघितलं. सीपी काढायच्या बॅरोमनच्या पद्धतीत नाकाला २ गुण मिळतात आणि शेपटीकडे जे निमुळतं होतं त्याला वजा गुण, माझं ११चं ६ सेंमी होतं म्हणून जवळजवळ उणे १.४. नाक पुढे ढकलतं आणि शेपटी उलट्या बाजूला ओढते, दोन्ही मिळून सीपी पुढे आणतात. म्हणजे जो आकार आम्हाला हवाय तोच आड येतोय. या सगळ्या चित्रांचं मूळ बघायला गेलं तर जर्मनांचं व्ही-२, १४ मीटर उंच, तेही मागे निमुळतंच, पण त्याला फिनशिवाय ज्वाळेत ग्राफाइटच्या पट्ट्या आणि जायरो (कल ओळखणारं यंत्र) होते, स्वतःला सावरत जायचं. आपल्याकडे जायरो कुठून येणार.

तर माझे प्रश्न: आकार न बिघडवता सीपी मागे कसा न्यायचा? नाकात वजन टाकायचं तर किती? फिन बाटलीला कशाने चिकटवायचे, कारण हॉट ग्लूने प्लॅस्टिक आकसलं आणि फेविक्विकने बाटलीला तडा जातो असं ऐकलंय. आणि फिन नॉझलच्या, म्हणजे बाटलीच्या तोंडाच्या खाली येतात तर लाँचर कसा बसवायचा, सुटेपर्यंत बाटलीची मान धरून ठेवणारं ते केबल टायचं कॉलर असतं ना, ते शेपटीच्या कव्हरमध्ये मावतच नाहीये.

जागेचंही सांगा. गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं, देवळालीला तोफखान्याची रेंज, ओझरला एचएएलची धावपट्टी, त्यामुळे त्या बाजू नकोत. गिरणारे, मखमलाबादकडे कोणी उडवतं का?

---

लेथवाला_सातपूर:

ताई, एक नंबर काम चाललंय, रिव्हेटची आयडिया मी उचलणार.

वजनाचा हिशोब सोपा आहे. २२० ग्रॅम गुणिले ४२, त्यात नाकापासून ६ सेंमीवर ६० ग्रॅम टाका, भागिले २८०. सीजी येतो ३४ च्या थोडा वर, म्हणजे जवळपास ८ सेंमी पुढे सरकला. तुम्हाला एकूण १४ सेंमीचा फरक पाडायचाय (आत्ता उणे ३, हवे अधिक ११), तर उरलेले ६ फिनमधून काढा. वजन म्हणून नट-बोल्ट अजिबात नको, मुलांची खेळायची माती भरा, खाली कोणाच्या डोक्यावर आलं तर लोखंड नको. आणि ती सुई कडक तारेची करू नका, ड्रिपच्या दुकानातून ४ मिमीची मायक्रोट्यूब आणा, सिल्व्हर मारा, वाकते पण टोचत नाही.

फिनमध्ये लांबीपेक्षा बाहेर किती जातो ते महत्त्वाचं, सूत्रात स्पॅनचा वर्ग आहे. पण मोठा फिन म्हणजे शेपटीला वजन आणि सीजी परत मागे, म्हणून जाड सनबोर्ड न वापरता सनपॅक (पन्हळी प्लॅस्टिकची शीट) घ्या, हलकं असतं. आणि खरी युक्ती सांगतो, तीन रंगीत फिनच्या मधल्या जागेत तीन पारदर्शक फिन लावा. झेरॉक्सवाल्याकडे बायंडिंगची जाड ट्रान्सपरंट शीट मिळते, दोन पदर चिकटवून कडक होते. दहा फुटांवरून दिसत नाही आणि काम पूर्ण करते. खऱ्या रॉकेटांच्या प्रतिकृती उडवणारे लोक हेच करतात.

चिकटवायला हार्डवेअरवाल्याकडचं पीयू सीलंट, रात्रभर ठेवायचं. बाटलीला पॉलिश पेपर मारू नका, प्रेशर झेलणारी भिंत आहे ती, ओरखडा म्हणजे तिथून फुटणार. त्याहून चांगलं म्हणजे फिन बाटलीला लावूच नका, पुठ्ठ्याची बाही करून तिला लावा आणि बाही बाटलीवर घट्ट सरकवा. रंगही बाहीला आधीच मारून वाळवून घ्या, स्प्रेमधलं थिनर बाटलीला लागायला नको. ४ बार दाबाला २२ मिमीच्या तोंडातून क्षणभर ३० किलोच्या आसपास जोर निघतो, नुसत्या टेपने लावलेले फिन जागेवरच राहतील आणि रॉकेट जाईल.

---

आसारी (येवला):

संक्रांतीला आमच्याकडे गच्चीवर अख्खं गाव असतं त्यामुळे हलकं कसं करायचं एवढं मी सांगू शकतो. सनपॅकऐवजी कामटीची चौकट करून बघा, पतंगाला कमान करतो तशी बांबूची बारीक कामटी मेणबत्तीवर जरा शेकून वळवायची, मागे वळलेला फिन अगदी हवा तसा येतो. ताव मात्र लावू नका, उडताना सगळं पाण्याने भिजतं, दोन्ही बाजूंनी पॅकिंगची पारदर्शक टेप ताणून लावा आणि लाल रंग त्यावर. एकच, तिन्ही फिन काट्यावर तोलून सारखे करा, एक जड निघाला की रॉकेट कोलांट्या खातं.

नाक नुसतं वर टेकवून ठेवायचं, चिकटवायचं नाही. वर जाऊन वेग संपला, रॉकेट कललं की ते सुटतं आणि आतली छत्री (पॅराशूट) बाहेर येते. नाकाला आणि धडाला जोडणारी दोरी विसरू नका, त्यात ६० ग्रॅम माती असणारे. छत्री कचऱ्याच्या काळ्या पिशवीची, अष्टकोनी कापलेली, वर बारीक भोक.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार!! पारदर्शक फिन ओपनरॉकेटमध्ये टाकून बघितले, सीपी ४५ च्या पुढे गेला. कामटीची चौकट भाचीला फारच आवडली, तेच करणार.

अजून एक शंका. हे सगळं रिकाम्या रॉकेटचं झालं, पण सुटताना त्यात एक तृतीयांश पाणी असेल, ६६० ग्रॅम, तेही शेपटीला. माझ्या हिशोबाने तेव्हा सीजी ४९ च्या आसपास जातो, म्हणजे सीपीच्या मागे. चालेल का?

---

लेथवाला_सातपूर:

बरोबर पकडलंत. पाणी क्षणार्धात निघून जातं, पण तो क्षण सांभाळायला लाँचरची नळी बाटलीत निदान २०-२५ सेंमी आत जाऊ द्या, रॉकेट त्या नळीवरून सरळ सरकत निघतं आणि बाहेर पडतं तोवर वेग आलेला असतो. पाणी चौथाईवर आणलंत तर आणखी बरं.

कॉलरसाठी शेपटीचं कव्हर मानेच्या कड्यापाशीच संपवा, त्याखाली फक्त फिन उतरू द्या. तीनच रंगीत फिन खाली उतरवायचे, पारदर्शकवाले वरच थांबवा, म्हणजे मधल्या फटीतून कॉलर ओढायला जागा राहते. नळी फिनच्या उंचीपेक्षा वर घ्या.

उडवायच्या आधी बाटली काठोकाठ पाण्याने भरून ५ बारला टेस्ट करा, हवेवर टेस्ट करू नका. पाण्याने भरलेली फुटली तर नुसती भिजते, हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात. उडवताना ४ बारच्या वर जाऊ नका, कॉलर ओढायची दोरी लांब, पोरांना मागे ठेवा.

जागा: मखमलाबादला सोयाबीन निघालेलं मोकळं रान बघा, शेतकऱ्याला विचारून. द्राक्षबागेच्या जवळ नको, छत्री तारेत अडकली तर काढताना घड जातात, हंगामात कोणी ऐकून घेणार नाही.

---

धागाकर्ती:

समजलं, नळी २५ सेंमी करते. मानेतून अर्धा इंची पाइप जातोय पण किंचित खेळतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून चालेल की ओ-रिंगसाठी (गळती थांबवणारी रबरी कडी) खाच काढून घेऊ? खाच काढायची तर पाइपची भिंत किती उरायला हवी तेवढं सांगा, उद्या युनिटमध्ये लेथ मोकळा आहे.