कॅलिपर ब्रॅकेटचा गंजलेला बोल्ट: डोक्याचे कोपरे झिजले आहेत, आता काय करावे?

केळीबाग (रावेर तालुका)

सर्वांना नमस्कार. माझ्या तेरा वर्षांच्या मोटारीच्या पुढच्या ब्रेक डिस्क मी घरीच बदलत आहे. उजव्या बाजूचे काम विनासायास झाले. डाव्या बाजूला मात्र कॅलिपरचे (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) ब्रॅकेट धरणाऱ्या दोन बोल्टांपैकी खालचा हलत नाही. १७ च्या रिंग पान्याला हातभर पाइप लावून जोर दिला, तेव्हा पाना सटकला आणि बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल झाले. गाडी रोज बागेच्या कच्च्या रस्त्याने जाते. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या आतल्या अंगाला लिंपल्यासारखी बसते आणि दिवाळीपर्यंत तशीच राहते, त्यामुळे गंज चढला असावा. रॉकेल सोडून रात्रभर ठेवले, उपयोग झाला नाही. ब्रॅकेट निघाल्याशिवाय डिस्क निघणार नाही. छिन्नीने डोके उडवावे की गॅसच्या ज्योतीने तापवावे? गाडी जॅक स्टँडवर आहे.

गिरणाकाठ (जळगाव)

भाऊ, छिन्नी आणि ज्योत दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. नेहमीच्या रिंग पान्याला आत बारा कोन असतात आणि तो डोक्याला कोपऱ्यांजवळच धरतो, म्हणून गंजाने किंचित बारीक झालेल्या डोक्यावरून तो सटकतो. सहा कोनी सॉकेट डोक्याच्या सपाट बाजूंवर टेकतो. आता १७ चा सॉकेट सैल बसणार असेल, तर १६ चा सहा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून घट्ट बसवा.

त्याआधी तारेच्या ब्रशने माती आणि गंज स्वच्छ काढा, आणि हे केवळ डोक्यापुरते करू नका. पुष्कळ गाड्यांमध्ये हा बोल्ट नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या जाड लोखंडी भागाच्या) भोकातून आरपार जातो आणि आटे ब्रॅकेटमध्ये असतात. त्याचे टोक पलीकडे बाहेर डोकावत असेल, तर त्या उघड्या आट्यांवरचा गंज बोल्ट उलटा फिरवताना आत ओढला जातो आणि अर्ध्यावर अडकतो. टोक घासून तिथूनच गंज सोडवणारे तेल सोडा. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झाले; पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून वेगळे मिळते, ते अशा कामाला अधिक चांगले. जुनी डिस्क टाकायचीच आहे, तिच्यावर तेल उडाले तरी चालेल. पॅड मात्र आधी काढून घ्या.

तेल मुरल्यावर डोक्यावर सरळ चारपाच ठोके द्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांत पाचरीसारखा बसतो. ठोक्यांनी ती पकड तडकते. नंतर आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असे थोडे थोडे फिरवा. दिशा नेहमी डोक्याकडे पाहून ठरवावी. गाडीखाली आडवे पडून काम करताना अनेकांची इथे चूक होते आणि सोडायचा बोल्ट आवळला जातो.

तापीथडी (भुसावळ)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मी लेथवर काम करतो, तापवण्याबद्दल थोडे लिहितो. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात ठेवूनही बोल्ट सुटत नाही, कारण बोल्ट आणि ब्रॅकेट दोन्ही सारखेच तापतात. बाहेरचा भाग आतल्या बोल्टपेक्षा जास्त तापला पाहिजे. १२ मि.मी.चे भोक बोल्टपेक्षा २०० अंशांनी जास्त तापले, तर ते जेमतेम ०.०३ मि.मी. मोठे होते, पण गंजाची पकड मोडायला तेवढे पुष्कळदा पुरते. म्हणून ज्योत बोल्टच्या डोक्यावर न धरता ब्रॅकेटच्या आट्यांभोवती धरायची.

परंतु भाऊ, तुम्ही तिथे रॉकेल सोडले आहे. ते पूर्ण पुसल्याशिवाय आणि वाळल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ नका. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारला असेल तर मुळीच तापवू नका, त्यातून विषारी वायू निघतो. कॅलिपर मोकळा करून तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळत ठेवू नका. एबीएसची वायर आणि बॉल जॉइंटचे रबर ज्योतीपासून दूर राहील याची खात्री करा.

छिन्नीबद्दल सांगायचे तर डोके कापणे हा चुकीचा उपाय नाही, तो शेवटचा आहे. आटे ब्रॅकेटमध्येच असतील, तर डोके गेल्यावर ब्रॅकेट सुटते आणि उरलेला दांडा बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडून काढता येतो. आटे खराब झालेच तर ब्रॅकेट नवे मिळते. ईझी-आउट (तुटलेला बोल्ट आतून पकडून काढायचे उलट्या आट्यांचे हत्यार) मात्र घरी वापरू नये, असे माझे ठाम मत आहे: ते कडक पोलादाचे असते, आत तुटले तर साध्या ड्रिलने ते कापले जात नाही.

केळीबाग (रावेर तालुका)

दोघांचेही मनापासून आभार. आटे ब्रॅकेटमध्येच होते आणि टोकावर गंजाचा जाड थर होता. तो घासून तेल सोडले, सकाळ-संध्याकाळ ठोके दिले, आणि १६ चा सॉकेट ठोकून बसवल्यावर तिसऱ्या दिवशी बोल्ट कर्र आवाज करत सुटला. ज्योत लागलीच नाही. नवा बोल्ट बसवताना आट्यांना ग्रीस लावावे का?

तापीथडी (भुसावळ)

गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितले नसेल तर लावू नका. दिलेला टॉर्क (आवळण्याचा ठरावीक पीळ) सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. ग्रीस लावून तेवढ्याच टॉर्कने आवळले तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्टवर ताण जास्त येतो. ब्रॅकेटमधले आटे पुसून कोरडे करा, जुन्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा असेल तोच नव्यावर पाहून घ्या, आणि टॉर्क पान्यानेच आवळा.