विमान बनवणाऱ्यानेच सावकारी करावी का?

वेंगुर्लेकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "विमान बनवणारी कंपनीच उधारीवर विमान देते, म्हणून सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळासारख्या ठिकाणी विमानं येतात. उपकार माना." हे वाचून झोप लागली नाही. आमच्या वडिलांना ट्रॉलरच्या इंजिनासाठी विक्रेत्यानेच कर्ज लावून दिलं. दुरुस्ती त्याच्याकडे, सुटे भागही तो सांगेल त्या किमतीला. दोन हंगाम मासळी लागली नाही, तर तो इंजिन उचलून घेऊन गेला. विकणारा आणि सावकार एकच असला की किंमत कुठे संपते आणि व्याज कुठे सुरू होतं ते गिऱ्हाइकाला कळत नाही. विमान बनवणाऱ्या बोईंगची कर्ज आणि भाड्याचा व्यवहार बघणारी कंपनी म्हणजे बोईंग कॅपिटल. तिचं मूळ, पुढे बोईंगमध्ये विलीन झालेल्या मॅकडोनेल डग्लस या विमान कंपनीने १९६८ साली काढलेल्या वित्त कंपनीत आहे. ती काढली आपली विमानं खपावीत म्हणूनच ना?

देवगडचा बागायतदार: खपावीत म्हणूनच. त्यात पाप काय? बोईंगचं ७१७ विमान बघा. १५६ विमानं झाली आणि २००६ साली उत्पादन बंद. त्यातली कित्येक बोईंग कॅपिटलने स्वतःच्या मालकीची ठेवून भाड्याने दिली. भाडेकरू बुडाला तर विमान बनवणाऱ्याच्याच गळ्यात. मी बाग मक्त्याने देतो. मोहोर जळला की मक्तेदार फोन उचलत नाही, झाडं मात्र माझीच.

मालवणी माणूस: माका ह्या पटणा नाय. मक्तेदाराची बाजू ऐका. आगाऊ पैसे भरले, फवारणी केली, अवकाळी पाऊस पडला. मालकाने एक रुपया सोडला नाही.

देवगडचा बागायतदार: आणि माझ्या मक्तेदाराने मोहोर यावा म्हणून वारेमाप कल्टार हे औषध ओतून तीन वर्षांत झाडं पिळून काढली, ती कोण भरून देणार? पन्नास वर्षांची कलमं होती!

मालवणी माणूस: करारात लिहून का नाय घेतलात? सगळे मालक तोंडी व्यवहार करतात आणि मागाहून बोंबलतात.

रत्नागिरीकर: दोघेही थांबा. विमानाच्या भाडेकरारात नेमकं हेच लिहिलेलं असतं. किती तास उडवलं त्या हिशेबाने देखभालीसाठी वेगळे पैसे भरायचे आणि परत करताना इंजिन कुठल्या अवस्थेत हवं तेही ठरलेलं. तरी गो फर्स्ट ही भारतीय विमानसेवा मे २०२३ मध्ये बंद पडल्यावर ५४ विमानं अडकून राहिली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, तेव्हा कुठे मालकांचा विमानं परत नेण्याचा मार्ग मोकळा झाला. हे मालक भाडेकंपन्या होत्या, विमानं बनवणारी एअरबस नव्हे.

वेंगुर्लेकर: म्हणजे कागद पक्का असूनही मालक वर्षभर ताटकळला. ठीक, मालकालाही धोका असतो, एवढं मानतो. पण चिपीवर उपकार कसले? ९ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईचं विमान सुरू झालं ते केंद्र सरकारच्या उडान या विमानसेवा योजनेच्या अनुदानावर. तीन वर्षांची मुदत सरली आणि ते बंद पडलं. तेव्हा कुठला विमान बनवणारा धावून आला?

देवगडचा बागायतदार: अनुदानाचं तुमचं खरं आहे. पण माझ्या झाडांबद्दल बोललात ते मी विसरणार नाही, मालवणी.

मालवणी माणूस: झाडं बघायला येतंय. कागद घेऊन येतंय.