आईचं मनगट मोडलं, बी-१२ निघालं १३८. हाडांचा संबंध आहे का?

मेतकूट:
आई, वय ७१. महिन्यापूर्वी अंगणातल्या पायरीवर पाय निसटला, हात टेकला नि मनगट गेलं. जन्माची शाकाहारी, दूधही चहापुरतंच. मधुमेहासाठी १२ वर्षं मेटफॉर्मिन. डेक्सामध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर उणे २.७, म्हणजे हाडं ठिसूळ. ड जीवनसत्त्व ३४, म्हणजे बरं. बी-१२ मात्र १३८. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी दिली. बी-१२चं विचारलं तर "ते नसांचं" म्हणाले, विषय संपला. इकडे वहिनी म्हणते, दहा इंजेक्शनं घ्या, हाड दगडासारखं होईल. कोणाचं ऐकू?

तिरफळ:
ताई, तीस वर्षं लॅबमध्ये काढली, म्हणून लिहितो. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे, आत कोलॅजेनची, म्हणजे प्रथिनाच्या धाग्यांची, वीण असते. बी-१२ आणि फोलेट (तेही ब जीवनसत्त्वच) कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल साचतं, आणि ते या विणीचे टाके कच्चे ठेवतं असं मानतात. २००४ साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या दोन अभ्यासांत होमोसिस्टीन जास्त असलेल्या म्हाताऱ्यांची हाडं जास्त मोडलेली दिसली. आणि आपल्याकडे? २००६ मध्ये पुण्याच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने शहर, झोपडवस्ती आणि खेड्यातले ४४१ पुरुष तपासले, ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी! त्यात मेटफॉर्मिनने ते आणखी उतरतं. आईंचा आकडा बघून मला नवल वाटलं नाही.

हिशोबी:
तिरफळकाका, पुढचंही सांगा की. नेदरलँड्समध्येच होमोसिस्टीन वाढलेल्या, पासष्टीपुढच्या २,९१९ जणांना दोन वर्षं बी-१२ आणि फोलिक ॲसिड (फोलेटचंच गोळीतलं रूप) किंवा नुसती खोटी गोळी दिली. होमोसिस्टीन उतरलं, पण एकूण हाडं मोडायची तेवढीच मोडली. वहिनींचा दगड तिथेच फुटला. उलट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या अभ्यासात बी-६ आणि बी-१२ दोन्ही भरमसाट घेणाऱ्या बायकांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. त्यानेच मोडलं असं यातून सिद्ध होत नाही, पण दुकानदार देईल ती 'ताकदीची' गोळी घेऊ नका, पाकिटावर बी-६ किती ते वाचा. १३८ ही मात्र खरी कमतरता आहे. ती भरून काढायचीच, हाडांसाठी नसली तरी. आणि हाडांची गोळी बंद करू नका.

रानजाई:
मेतकूट, आई पडली कशी ते नीट विचार. माझ्या सासऱ्यांच्या पायातली चप्पल वाटेत सुटायची आणि त्यांना पत्ताच नसायचा. आम्ही हसायचो. दोनदा पडले तेव्हा कळलं, तळपायाची जाणीवच गेली होती. बी-१२ सुरू केल्यावर तोल बराच सावरला, बोटांचा बधिरपणा थोडा राहिलाच.

मेतकूट:
रानजाई, आत्ता आईला विचारलं. म्हणाली, "दिवाळीपासून गादीवर चालल्यासारखं वाटतंय, वयाचं असेल म्हणून बोलले नाही." आणि मी पायरीला दोष देत होते, गवंडीसुद्धा बोलावून ठेवला होता! परवा तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे नेते, पाय तपासायला सांगते. काका, होमोसिस्टीनही तपासून घेते, त्याचं रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

तिरफळ:
हो, उपाशीपोटी. आणि नमुना तासभर टेबलावर पडू देऊ नका, आकडा खोटा चढतो. बर्फात ठेवून लगेच पाठवायला सांगा. रक्त बी-१२च्या इंजेक्शनाच्या आधी द्या.