रात्री साडेदहाला जेवण, सकाळी बीपी १५०: दोष वेळेचा की मिठाचा?

मृगसरी
बाबा ६२ वर्षांचे, किराणा दुकान आहे. सकाळी ८ ला बीपीच्या दोन गोळ्या, टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५, घेतात. दुकान साडेनऊला बंद होतं, जेवण साडेदहाला, अकराला आडवे. गेल्या आठवड्यात सकाळी ७ चं वरचं बीपी १४८ ते १५४, खालचं ९० च्या आसपास. दुपारी १ ला जेवून अडीचला मोजलं की १२२ ते १२८. रात्रीच्या ताटात दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा, पापड, लोणचं. जेवण अलीकडे आणलं तर सकाळचा आकडा उतरेल का? गोळी रात्री द्यावी का? दुकान लवकर बंद करणं शक्य नाही.

नाडीचे ठोके
आधी दुपारच्या आकड्याबद्दल, कारण तो फसवा आहे. जेवणानंतर रक्त आतड्यांकडे जास्त वळतं. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून ते सावरून घेतं. साठीनंतर, आणि मधुमेह असेल तर जास्तच, हे सावरणं मंदावतं, म्हणून जेवणानंतर तासा-दोन तासांत बीपी खाली येऊ शकतं. तेव्हा अडीचच्या १२५ वर 'दिवसभर ठीक आहे' असं समजू नका. जेवणानंतर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, उठताना अंधारी येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्याचा विचार न करता गोळी वाढवली तर दुपारी पडण्याची भीती असते.

मोजायचं असं: सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी दोन्हींच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर छातीच्या उंचीला. ५ मिनिटं गप्प बसून मग १ मिनिटाच्या अंतराने दोनदा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. ७ दिवस नोंदी करा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा वर म्हणजे जास्त.

आता मूळ प्रश्न. झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवं. जेवून अर्ध्या तासात आडवं झालं की पचन आणि मिठाचा निचरा, दोन्ही कामं नेमकी या उताराच्या वेळेत येतात. ज्यांच्या मूत्रपिंडांना मीठ लवकर बाहेर टाकता येत नाही, त्यांचं बीपी रात्रभर चढं राहतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं ही त्याची एक खूण असू शकते. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही सकाळच्या आकड्यामागचं मोठं कारण असतं, तिथे जेवण कितीही लवकर घेतलं तरी भागत नाही.

चिमूटभर
घड्याळ हलत नसेल तर ताट हलवा. साडेपाच-सहाला दुकानातच डबा: एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर उसळ. फरसाण नको. साडेदहाला फक्त मुगाची पातळ खिचडी किंवा एक भाकरी आणि दूध. झोप साडेअकरा-बाराला ढकलता आली तर बरं, पण झोपेचे तास कापून नको.

ठेचा, पापड, लोणचं रात्री एकत्र येतात हाच खरा घोळ. उडदाच्या मध्यम पापडात साधारण अर्धा ग्रॅम मीठ, त्यात पापडखाराचं सोडियम आलंच. दिवसाची मर्यादा माणशी ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, सगळं धरून. पाकिटावरच्या सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं.

घरचा हिशेब सोपा आहे. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांत १ किलो ५० दिवस पुरायला हवी. २५ दिवसांत संपली तर माणशी १० ग्रॅम, आणि बाहेरचं खाणं वेगळंच. सैंधवानेही सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं; टेल्मिसार्टन चालू असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

पहिले ७ दिवस आहे तसंच ठेवून मोजा, पुढचे ७ दिवस फक्त रात्रीचं ताट बदला. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला हे समजणार नाही.

औषधपेटी
गोळीची वेळ स्वतःहून बदलू नका, घाईही नाही. ब्रिटनमधल्या 'टाइम' चाचणीत (निष्कर्ष २०२२) २१ हजारांहून जास्त लोक होते. सकाळी गोळी घेणारे आणि संध्याकाळी घेणारे यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांत फरक दिसला नाही. ॲम्लोडिपिन अंगात अर्धं उरायलाच ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे सकाळ-रात्रीने त्याचं फारसं बिघडत नाही. तुमच्या दोन्ही गोळ्या जेवणाआधी-नंतर कशाही चालतात. बीपीच्या सगळ्या गोळ्यांचं तसं नाही: मेटोप्रोलॉल जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर, रोज सारखंच.

ताट बदलूनही सकाळ चढीच राहिली तर २४ तासांचं बीपी यंत्र लावून घ्या. झोपेतली सरासरी १२०/७० च्या वर असेल तर तो आकडाच डॉक्टरांना पुढचं ठरवायला उपयोगी पडेल.

मृगसरी
रात्री दोनदा उठतात हे खरं. बाबा संकष्टी करतात, चंद्रोदय उशिरा असतो. त्या दिवशी काय?

चिमूटभर
दिवसभराची भूक, मग साडेनऊ-दहाला मोदक, वरणभात आणि सोबत पापड: वर लिहिलेल्या सगळ्याची बेरीज. दिवसा पाणी, ताक बिनमिठाचं, फळं चालू ठेवा. साबुदाण्याच्या खिचडीत मीठ निम्मं, वेफर्स नकोत. उपास सोडताना एक मोदक, थोडा वरणभात, तूप, लिंबू. पापड-लोणचं ताटात वाढूच नका. गोळी मात्र रोजच्या वेळेलाच, उपास असला तरी. त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदीपुढे 'संकष्टी' लिहा, म्हणजे सरासरीत ती वेगळी काढता येईल.